खंडेनवमीला धुतलेली डबी

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. अक्षर तर इतकं वाकडं की बाजाराची यादी लिहून नेली तर दुकानदार मलाच वाचायला सांगतो. चौथीनंतर शाळा सुटली आणि त्यानंतर सही करण्यापुरतंच पेन हातात आलं. कुणाला ही वही सापडलीच तर त्याने चुकांबद्दल माफ करावं आणि वही होती तिथे, तांदळाच्या डब्यामागे, परत ठेवावी. ही गोष्ट तोंडाने नीट सांगणं मला अजून जमलेलं नाही. म्हणून लिहिते.

माझं गाव तलासरीच्या पूर्वेला, उधव्याच्या रस्त्यावर, डोंगराच्या अंगाला आहे. घरी भात आणि नागली होते, ती आमच्या खाण्यापुरती. मी डहाणूला बसच्या डेपोत गाड्या धुते. नोकरी ठेकेदाराची. ठेकेदाराला आम्ही कधी पाहिलेलं नाही, आमचा संबंध मुकादमाशी. मुकादम घरी गुजराती बोलणारे, आमच्याशी मराठीत बोलतात, पण आम्हाला 'बेन', म्हणजे ताई, म्हणतात. माझ्या जोडीला डहाणूच्या किनाऱ्यावरची एक बाई आहे. तिच्या घरी होडी आहे, पण सासूशी पटेना म्हणून ती मासळीचं काम सोडून इकडे आली. ती दिवसभर बोलते आणि मी ऐकते, त्यामुळे आमचं बरं चालतं.

सकाळी मी ज्या गाडीने डेपोत जाते ती उधव्याहून तलासरीवरून डहाणूला येते. तेव्हा त्या गाडीवर झाईचे एक वयस्क ड्रायव्हर होते. घर मच्छीमारांचं, पण होडीत बसलं की यांना उलट्या व्हायच्या, म्हणून गाडीवर आलो असं ते स्वतःच सांगायचे. मी त्यांना काका म्हणायची आणि ते मला बाय. फाट्यावर मी दिसले नाही तर ते हॉर्न देऊन थोडं थांबायचे. मी पळत येऊन चढले की म्हणायचे, "आज काय चुलीने सोडलंच नाय का बाय?" मी हसून मागे जाऊन बसायची. त्यांच्या निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं.

तलासरी नाक्यावर आमच्या गाडीला ट्रकांचा रस्ता ओलांडावा लागतो. अच्छाडकडून ट्रक येतात, मोठे कंटेनर येतात, आणि एक वळू लागला की त्याच्यामागे सगळे वळतात. नाक्यावरचा जुना सिग्नल आपल्या ठरलेल्या वेळाने लाल-हिरवा व्हायचा. समोरचा रस्ता रिकामा असला तरी आम्हाला लाल, आमच्यामागे रांग लागली तरी लाल. एखाद्या सकाळी गाडी दोनदा लालमध्ये अडकायची. डहाणूला ट्रेन पकडणारी माणसं घड्याळ बघत उभी राहायची आणि कंडक्टरला बोलायची, जसा काही दिवा त्याच्याच हातात होता.

मग नाक्यावरचा तो सिग्नल आणि डहाणूत स्टेशनजवळच्या चौकातला, असे दोन्ही काढून नवे बसवले. त्यावर उलटे मोजणारे आकडे होते. त्याबरोबर प्रत्येक गाडीत ड्रायव्हरच्या समोर, काचेखाली, एक पांढरी डबी आली. तळहाताएवढी, एक वायर, आणि कडेला मोहरीएवढा हिरवा दिवा. डेपोच्या मेकॅनिकने ती काकांच्या गाडीत बसवली तेव्हा मी मागच्या सीटा पुसत होते.

"गाडी नाक्याजवळ आली की डबी सिग्नलच्या खांबाला कळवते, बस येतेय," मेकॅनिक सांगत होता. "हिरवा असला तर खांब तो जरा लांबवतो. लाल असला तर लवकर संपवतो."

"आणि दोन बाजूंनी दोन गाड्या आल्या तर?" काकांनी विचारलं.

"जिला जास्त उशीर झालाय तिला आधी."

"म्हंजे आळशाला पहिला मान."

"हसा. गाडी कुठे उभी राहिली, किती उभी राहिली, तेपण ही ऑफिसात कळवते. बोर्डीच्या फेरीला तुमी चहाला थांबता ना, ते आता मॅनेजर मॅडमना खुर्चीत बसून दिसणार."

"मग मॅडमसाठीपण एक कटिंग सांगत जाईन," काका म्हणाले. डबी बसवताना मेकॅनिकने ती दोनदा काढली आणि घातली. मागे एक क्लिप होती, ती दाबली की डबी हातात यायची. वायरची पिन ओढली की सुटायची. मी ते बघितलं. बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

डबी बसल्यावर नाक्यावरची गंमत मी स्वतः अनुभवली. आमची गाडी उताराला लागली की समोरच्या लाल दिव्याचे आकडे भराभर संपायचे, ट्रकांच्या बाजूला लाल व्हायचा, आणि ते एवढाले ट्रक करकरत थांबायचे. आमची जुनी लाल गाडी, टपावर टोपल्या, आत दूध आणि पोरंबाळं, ती त्यांच्यासमोरून निघून जायची. बाकीची माणसं खुश व्हायची. मला ट्रकांच्या काचांकडे बघवत नसे. एवढ्या मोठ्या माणसांना आपल्यासाठी कुणीतरी थांबवलंय, आणि ते कधीतरी याचा राग काढतील, असं मला उगाच वाटायचं.

त्या वर्षी खंडेनवमीच्या दिवशी सगळ्या गाड्या दसऱ्यासाठी धुवायच्या होत्या. मुकादम झेंडूच्या फुलांचं पोतं आणि आंब्याचे डहाळे देऊन गेले. हार ड्रायव्हर-कंडक्टर घालतात, धुणं आमचं. माझ्या माहेरी या दिवशी वडील कोयता, विळा, कुदळ, नांगराचा फाळ, सगळं अंगणात काढायचे. आधी राखेने घासायचं, पाण्याने धुवायचं, उन्हात वाळवायचं, मग हळद-कुंकू. न धुतलेल्या हत्याराला कुंकू लावलेलं वडिलांना चालायचं नाही. एकदा मी विळा नुसता पुसून ठेवला होता, तर त्यांनी तो उचलून परत माझ्या हातात दिला होता.

काकांच्या गाडीचं स्टेअरिंग मी धुतलं, गियरचा दांडा धुतला, घंटीची दोरी धुतली. डबीवर उदबत्तीची काजळी आणि धूळ बसली होती. मला वाटलं, एवढे महिने सगळ्यात जास्त काम हिने केलं. हिने आमची गाडी वेळेवर नेली. हिला तशीच काळी ठेवून वर कुंकू कसं लावायचं?

मी क्लिप दाबली, पिन ओढली आणि डबी बादलीत घातली. साबणाचं पाणी होतं. ब्रशने कडा घासल्या. मग साध्या पाण्यातून काढली, भिंतीवर उन्हात ठेवली, आणि वाळल्यासारखी वाटली तेव्हा ओल्या हळदीचं बोट लावलं, कुंकू लावलं, परत बसवली. एक झेंडूचं फूल वर ठेवलं. चांगली दिसत होती. हिरवा दिवा लागला नव्हता. मला वाटलं, गाडी चालू झाली की लागेल.

दसऱ्याच्या दिवशी गाडी हार घालून निघाली. मी सुट्टीवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर चढले तर पहिलं लक्ष डबीकडे गेलं. दिवा नव्हता. गाडी उताराला लागली, समोर लाल, आणि आकडे सावकाश एक एक करून खाली येत राहिले. ट्रक चालू राहिले. काकांनी डबीवर दोन टिचक्या मारल्या, फूल खाली पडलं.

"काय काका, आज खांब ओळख देत नाय?" मागून एकजण म्हणाला.

"दसऱ्याचं सोनं द्यायचं राहिलं असेल त्याला," दुसरा म्हणाला. लोक हसले. तिथल्या तिथे मला कळलं होतं, पण मी स्वतःला सांगत राहिले की उद्या लागेल.

उद्या लागला नाही. परवाही नाही. चौथ्या दिवशी मेकॅनिकने डबी काढून बघितली तेव्हा मी शेजारच्या गाडीची काच पुसत होते. तो कंडक्टरला म्हणाला, "वायर चांगली आहे. डबी मेलीय. आणि क्लिप उलटी आहे. मी अशी बसवली नव्हती. कुणीतरी काढून परत घातलीय."

"कोण काढणार?"

"ज्याला आपण कुठे थांबतो ते ऑफिसात कळायला नको असेल तो."

मी तीच काच परत परत पुसत राहिले. कापड कोरडं झालं तरी पुसत होते.

दोन दिवसांत डेपोभर झालं की काकांनीच डबी बिघडवली, चहाच्या थांब्यापायी. त्यांना नोटीस मिळाली. ती त्यांनी चार घड्या करून खिशात ठेवली होती आणि कुणी विचारलं की काढून दाखवायचे, हसायचे, पण हसू अर्धंच यायचं. कुणीतरी सांगितलं की चौकशीत दोष लागला तर निवृत्तीच्या पैशांतून कापतात, कधी कधी त्याआधीच घरी बसवतात. खरं-खोटं मला माहीत नव्हतं. मला सगळं खरंच वाटायचं.

मी माझ्या जोडीदारणीला सांगितलं. धुण्याच्या नळाजवळ, पाणी चालू ठेवून. तिने नळ बंद केला, माझ्याकडे बघितलं, परत नळ सोडला.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग मलापण बोलली नाहीस. त्यांची नोकरी कायमची आहे, त्यांच्यामागे युनियन आहे. ते निभावतील. आपल्याला मुकादम एका बोटाने उडवील. तू उधव्याच्या रस्त्यावर परत जाऊन काय करशील, नागली मोजशील?"

"पण ते काका..."

"काकांना काय फासावर देणार हायत का? गप राहा गो. तुला तर तसंपण बोलता येत नाय, मग आताच कुठून जीभ फुटली?"

तिचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. गप्प राहणं मला येतं. पण गप्प राहायला मला त्याच गाडीत बसावं लागत होतं. सकाळी हॉर्न वाजायचा, मी चढायची, काका "ये बाय" म्हणायचे. गमतीचं बोलणं त्यांनी सोडून दिलं होतं. मी मागे जाऊन बसायची आणि नाका येईपर्यंत खिडकीबाहेर बघायची. नाक्यावर गाडी थांबली की आकडे सुरू. साठ. एकोणसाठ. मला वाटायचं, गाडीतलं एकेक माणूस माझ्याकडे वळून बघणार. कुणीच बघत नव्हतं. सगळे काकांच्या पाठीकडे बघायचे.

"बाकीच्या गाड्यांना हिरवा देतो, ह्यालाच नाय देत," एक बाई म्हणाली. "माझी ट्रेन कालपण गेली."

"ह्यांनी डबी काढून ठेवली म्हणे," तिच्या शेजारची म्हणाली.

काकांनी ऐकलं. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती.

उशीर रोजचा झाला, आणि उशिराची नोंद होत होती, म्हणून काका घाई करायला लागले. पूर्वी ते फाट्यावर माणूस बसेपर्यंत थांबायचे, आता गाडी हलायची आणि माणसं दांडा धरून लोंबकळायची. नाक्यावर हिरव्याचे शेवटचे तीन आकडे राहिले असले तरी ते गाडी घालायचे. एका सकाळी दोन राहिले होते. त्यांनी गाडी घातली. आम्ही मध्यावर असताना अच्छाडकडून एक कंटेनर सुटला. त्याचा हॉर्न आधी ऐकू आला, मग माझ्या बाजूच्या खिडकीत त्याची जाळी दिसली, एवढी जवळ की तिच्यात अडकलेलं पाखराचं पीस मला दिसलं. दोघांनीही ब्रेक मारले. मी पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटले. कुणाची तरी टोपली पडली आणि चिकू सगळ्या गाडीभर घरंगळले.

कुणाला लागलं नाही. एका म्हातारीचा चष्मा तुटला, एवढंच. कंटेनरचा ड्रायव्हर खाली उतरून शिव्या द्यायला लागला. काका एवढंच म्हणाले, "चिकू उचला कुणीतरी." मी खाली बसून चिकू गोळा केले. सीटखाली वाकल्यावर मला रडू आलं. वर यायची भीती वाटत होती म्हणून मी सगळे चिकू सापडल्यावरही खाली हात फिरवत राहिले.

त्या दिवशी आमच्या गाडीत शाळेची सतरा-अठरा मुलं तरी होती. जाळी आणखी हातभर पुढे आली असती तर काय, हा विचार मी भाकरी करताना करायची, गाडी धुताना करायची. आणि त्या सगळ्याच्या मुळाशी माझी साबणाची बादली होती. काकांची नोकरी कायमची आहे की नाही, त्यांच्यामागे युनियन आहे की नाही, यातलं काहीच कंटेनर बघत नाही.

चौकशी दोन दिवसांनी होती. मॅडमच्या खोलीत काका, मेकॅनिक आणि मुकादम होते. मुकादम कशाला आले होते ते मला माहीत नव्हतं. मी फडकं आणि बादली घेऊन दाराबाहेरची फरशी पुसायला बसले. ती फरशी सकाळीच पुसली होती. आतून मॅडमचा आवाज येत होता, शांत, आणि त्या शांतपणामुळेच मला जास्त भीती वाटत होती.

"तुमच्याशिवाय ही डबी कोण काढणार? मला एक नाव सांगा."

"मी काढली नाय. मी आणखी काय सांगू?"

"मग तसं लिहून द्या."

मी उठले. उठताना बादली कलंडली आणि पाणी दारातून आत गेलं, मॅडमच्या खुर्चीपर्यंत. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अरे बेन, आ शुं करो छो? हे काय करताय?" मुकादम ओरडले.

मला त्यांना उत्तर द्यायचं होतं, पाण्याबद्दल. तोंडातून निघालं ते दुसरंच. "डबी मी धुतली."

"काय धुतली?" मॅडमनी विचारलं.

"डबी. साबणाने. खंडेनवमीला."

टेबलावर ती डबी होती. मेकॅनिकने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मागचे चार स्क्रू काढले. झाकण उघडल्यावर टेबलावर पाण्याचे दोन थेंब पडले. आतल्या हिरव्या पट्टीवर साबणाची पांढरी साय होती, आणि कोपऱ्यात हळद. मेकॅनिकला हसू फुटलं, ते त्याने खोकून लपवलं. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, मग हळदीकडे.

"का धुतलीत?"

"ती न धुता पूजा कशी करणार?" मी म्हणाले. मॅडमच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय होतं ते मला सांगता येणार नाही, कारण मी फरशीकडे बघत होते.

काका खुर्चीतच माझ्याकडे वळले. "बाय, तू रोज माझ्याच गाडीत बसून येत होतीस," ते म्हणाले. एवढंच. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मी मान हलवली.

काकांची नोटीस मॅडमनी तिथेच रद्द केली. नाक्यावर ज्या घाईने गाडी घातली त्याबद्दल मात्र त्यांना ताकीद दिली, आणि ती त्यांनी खाली मान घालून घेतली. मग मॅडम मुकादमांना म्हणाल्या की धुणाऱ्या बायकांना काय धुवायचं नाही ते तुम्ही कधी सांगितलं होतं का. मुकादम म्हणाले, सांगायची गरज काय, कुणी रेडिओ धुतं का? मॅडम म्हणाल्या, बाईला काढायचं नाही, पण डबी आता ठेकेदाराच्या नावावर पडली, तिचे पैसे भरले की नवी येईल, तोपर्यंत ही गाडी बिनाडबीची चालेल.

बाहेर आल्यावर मुकादमांनी किंमत सांगितली. माझ्या दोन महिन्यांच्या पगाराला थोडी कमी. ठेकेदार शेठ आधी भरणार नाही, ते म्हणाले, आणि माझ्या पगारातून थोडे थोडे कापून पुरे होईपर्यंत थांबणारही नाही, दुसरी बाई आणेल. मॅडम काही म्हणोत.

काका मागेच उभे होते. ते मुकादमांना म्हणाले, "मी भरतो. पावती माझ्या हातात द्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दान नाय करत मी. मला नाक्यावरून जीव मुठीत घेऊन जायचं नाय आता. तू मला दर पगाराला जमतील तेवढे दे. सगळे द्यायचे."

"देईन," मी म्हणाले.

"आणि मला काय सांगायचं असलं तर सांगत जा गो. तोंड आहे ना?"

नवी डबी आठवड्याने आली. तिच्यावर मेकॅनिकने कागद चिकटवला, 'पाणी लावू नये', आणि खाली माझ्यासाठी म्हणून हळदीच्या बोटाचं चित्र काढून त्यावर फुली मारली. जोडीदारीण ते बघून पोट धरून हसली. ज्या सकाळी दिवा परत लागला त्या सकाळी आम्ही उताराला लागलो, आकडे भराभर संपले आणि ट्रक थांबले. गाडीत कुणीतरी टाळी वाजवली. मी डोळे मिटून घेतले होते. पलीकडे गेल्यावर उघडले.

दर पगाराला मी गाडीतून उतरताना घडी केलेल्या नोटा काकांच्या हातात द्यायची. ते माझ्यासमोर मोजायचे नाहीत, वरच्या खिशात टाकायचे. ते त्यावरून कधी चिडले नाहीत, पण "चुलीने सोडलं नाय का" हे म्हणायलाही त्यांना पुष्कळ महिने लागले. पावसात शेवटचे दोन हप्ते राहून गेले, घरात आजारपण होतं. मी ते सांगितलं तर ते म्हणाले, "पुढच्याला दे." आणि पुढच्या पगाराच्या आधी ते निवृत्त झाले. त्या दिवशी डेपोत नारळ-शाल झाली आणि मी मागे उभी होते. पुढे जाऊन दोन हप्ते राहिलेत हे म्हणणं मला जमलं नाही.

"आता कोण मागतो?" जोडीदारीण म्हणाली. "ते झाईला, तू इथे. त्यांना आठवतपण नसेल."

मला आठवत होतं. त्या दोन हप्त्यांचे पैसे मी रुमालात बांधून ठेवले आणि एका रविवारी डहाणूहून झाईची गाडी धरली. बोर्डीपर्यंत ठीक होतं. बोर्डीच्या पुढे गाडी रिकामी झाली तसे मनात प्रश्न यायला लागले. परक्या घरात एकटीने जायचं, त्यांच्या बायकोने विचारलं कोण तर काय सांगायचं, कसले पैसे, घरच्यांना ठाऊक नसले तर काय. झाईला उतरून मी स्टॉपवरच बसले. परतीची गाडी तिथूनच सुटते. ती आली, गेली, आणि मी बसूनच होते. मग एका पोरीला घर विचारलं.

काका ओट्यावर जाळं पसरून बसले होते. मला बघून त्यांनी सुई खाली ठेवली.

"अगो, ही बघ कोण आली," त्यांनी आत हाक मारली.

त्यांची बायको हात पुसत बाहेर आली. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "डबीवाली?"

"तीच."

"बस बाय. ह्या माणसाने तुझी गोष्ट सगळ्या झाईला सांगितली. आमच्याकडे आता दसऱ्याला टीव्ही पुसायला कुणी धजत नाय."

मी हसले नाही, मला जमलं नाही. मी रुमाल सोडला आणि नोटा ओट्यावर ठेवल्या. एक नोट वाऱ्याने उडाली, ती काकूंनी पायाखाली दाबून धरली.

"दोन राहिले होते," मी म्हणाले. "पावसातले."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी नोटा उचलल्या, बोटाला थुंकी लावून एकदा मोजल्या, मग उलट्या बाजूने परत मोजल्या. मी त्यांच्या बोटांकडे बघत बसले होते, एखादी कमी निघाली तर म्हणून. काकू आत गेल्या, डब्यातून डबीची पावती घेऊन आल्या आणि ती काकांना दाखवली. काका मनातल्या मनात आधीचे सगळे हप्ते मिळवत राहिले. त्यांचे ओठ हलत होते.

"बरोबर," ते म्हणाले. "सगळे आले."

काकूंनी पावती माझ्या हातात दिली आणि नोटा पदराच्या टोकाला बांधल्या.